दर्याला दिलेला हात

माझ्या आयच्या कमरेत हात घालून एक चष्मेवाला फोटो काढून घेत होता. त्याची बायको समोरून सांगत होती, "अजून जरा जवळ घे ना तिला." त्यानं घेतलं. गालाला गाल लावला, ओठांचा चंबू केला, आणि आजूबाजूची चार माणसं खो खो हसली.

आय मरून तेव्हा तीन वर्षं झाली होती. समोर उभी होती ती तिची बाहुली, प्लास्टरची, माणसाएवढी उंच. पण अंगावरचं लुगडं आयचं होतं. जांभळं, लाल काठाचं, गुडघ्यापाशी जळका डाग पडलेलं. तो डाग पडला तेव्हा मी चुलीपाशीच बसले होते. डोक्यावरची पाटीही आयचीच. बाकी काहीच आयचं नव्हतं. ओठांना लाली, भुवया कोरलेल्या, छाती अशी पुढं काढलेली की गणपतीच्या कारखान्यात उर्वशीचा साचा उरला होता तो ह्यांना स्वस्तात दिला असावा. माझी आय हाडाची काडी होती. पाटीत प्लास्टिकचे मासे, निळे आणि पिवळे. असले मासे मी जन्मात विकले नाहीत आणि विकले असते तर गिऱ्हाईकानं तोंडावर मारले असते.

मी दमयंती. पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसते. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते, आता त्रेसष्ट झाले, अजून बसते. म्हणजे माझं तोंड कसं असेल ते तुम्हीच समजून घ्या. पण त्या दिवशी त्या चष्मेवाल्याला चार शिव्या द्यायच्या सोडून मी दारात नुसती उभी राहिले. कारण त्यांचा फोटो काढत होता माझा सख्खा भाऊ.

"हां, साहेब, हसा. वहिनी, तुम्ही पण या ना बाजूला," धर्मा सांगत होता. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, एक पाय आखडलेला. ट्रॉलरवर दोर पायात अडकून तो पाय कायमचा गेला, तेव्हापासून दर्या सुटला. आमच्या वेसाळे बेटावर मिठाच्या जुन्या कचेरीत शहरातल्या लोकांनी संग्रहालय काढलं आणि धर्माला तिथं कामावर घेतलं. दार उघडणं, झाडणं, आलेल्या लोकांना माहिती सांगणं, सगळं तोच करायचा.

आठ दिवसांपूर्वी बाजाराशेजारच्या दुकानात त्याचा फोन आला होता.

"बाय, आयचं नाव झालंय. संग्रालयात ठेवलीय तिला. तुजेकडे फोटू हाय ना तिचा? घेऊन ये."

मी फोन हातात धरून रडायलाच लागले. दुकानदार घाबरला, म्हणाला, कोण गेलं? कोणी गेलं नव्हतं. धर्मा 'आय' म्हणाला होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा. तोवर तो तिला 'ती' म्हणायचा. ती आजारी हाय. ती बोलावतेय. ती मेली.

का, ते सांगते. आमच्या वाड्यात लग्नाच्या दिवशी नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्यात सोडतात. म्हणायचं, दर्याबाबा, हा हात तुला दिला, माझा माणूस मला राहू दे. मग जन्मभर डावा हात बांगड्यांनी भरलेला आणि उजव्या हातात काच नाही. माझा बाप बुडाला तेव्हा मी सात वर्षांची होते, धर्मा चार वर्षांचा. नारळी पुनवेनंतर पंधरा दिवसांनी होडी गेली. फळ्या परत आल्या, माणूस आला नाही. दहाव्या दिवशी आजीनं, म्हणजे बापाच्या आयनं, आमच्या आयची पेटी उपसली आणि तळाशी तिला एक हिरवी बांगडी मिळाली. एकच, आणि बारीक. आय लग्नात तेरा वर्षांची होती, मनगट बोटाएवढं. म्हणजे बांगडी लग्नातली. म्हणजे चांगुणेनं, आमच्या आयनं, दर्याला सगळ्या बांगड्या दिल्याच नाहीत, एक लपवून ठेवली. दर्याला फसवलं, म्हणून दर्यानं माणूस नेला.

झालं! वाड्याला एवढं पुरलं. नव्या होडीवर तिची सावली पडू देत नसत. लाँचमध्ये तिच्या पाटीला लागून कुणी पाटी ठेवत नसे. आजीनं धर्माला उचलून घराच्या पुढच्या भागात नेलं, आय आणि मी मागच्या पडवीत. मधे कुडाची भिंत. "त्या अवदसेच्या हातचं खाशील तर तू पण जाशील," असं आजीनं त्याच्या मनात भरवलं. त्यानं खाल्लं नाही. माझ्या लग्नात माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडल्या तेव्हा आयला किनाऱ्यावर येऊ दिलं नाही. आणि आय गेली तेव्हा अग्नी चुलतभावानं दिला. धर्मा जेटीवर विडी ओढत बसला होता. मी स्वतः बघितलं.

तर असा माणूस 'आय' म्हणाला. मला वाटलं, सुटलं एकदाचं. आयचा होता तो एकुलता एक फोटो मी पिशवीत घातला, नवी साडी नेसले, त्याच्यासाठी पापलेटं घेतली आणि सकाळच्या लाँचला बसले. वाटेत खलाशाला, शेजारणीला, सगळ्यांना सांगत होते, माझ्या आयला संग्रहालयात ठेवलीय म्हणून.

"आलीस बाय?" धर्मानं मला बघितलं. "जरा थांब. ही पार्टी काढतो."

मी थांबले. थांबले आणि आजूबाजूला बघितलं. तीन खोल्या. सगळीकडे शिळ्या सुकटीचा आणि फिनेलचा मिळून एक वास. एका काचेच्या पेटीत पेंढा भरलेलं कासव, त्याच्या पोटाची शिवण उसवून भुसा खाली सांडलेला आणि भुशात मेलेल्या माश्या. एका बरणीत समुद्रसाप, पिवळ्या पाण्यात, वर साय धरल्यासारखा थर. मुशी माशाच्या जबड्यात कुणीतरी चॉकलेटचा कागद कोंबून ठेवलेला. भिंतीवर पाटी : 'दर्याच्या राजांचे आनंदी जीवन'. शी! मासळी बाजाराचं गटार मी रोज ओलांडते, कधी नाकाला पदर लावला नाही. तिथं लावला.

धर्मानं घसा साफ केला आणि एकदम पुस्तकातलं बोलायला लागला. इतकी शुद्ध भाषा त्याला येते हे मला माहीतच नव्हतं.

"तर मंडळी, ही चांगुणा कोळीण. बाजारात हिचा आवाज असा होता." त्यानं नाक आवळलं आणि सुरू केलं, "घे गो बाय, घे! तुज्या पोराच्या हाडाला मास येल! उद्या नवरा बोलंल आजून आन!"

लोक हसले. मीसुद्धा हसले. आवाज अगदी आयचा, तोच शेवटचा हेल. कुडाच्या भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ केलेला. हसले आणि लगेच पदर तोंडाशी नेला.

"आता हिचा उजवा हात बघा," धर्मा म्हणाला.

मी बघितला. तोवर माझं लक्षच गेलं नव्हतं. उजवा हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेला.

"आमच्या वाड्यात नवरी ह्या हातातल्या बांगड्या दर्याला देते. हिनं काय केलं? लपवल्या! दर्याला फसवलं! अकरा वर्षं दर्या गप्प राहिला, आणि एका रात्री..." त्यानं टाळी वाजवली. एक बारकी पोरगी दचकून आईला बिलगली. "नवरा गेला. होडी गेली. घरात दोन लहान लेकरं."

"बाप रे," चष्मेवाल्याची बायको म्हणाली. "किती सॅड ना. पण भारी आहे स्टोरी."

"म्हणजे हिच्यामुळे मेला तो?" एकानं विचारलं.

"लोक तसं मानतात, साहेब," धर्मा म्हणाला आणि दारातल्या वहीकडं हात केला. "वहीत अभिप्राय लिहून जा."

ते हसत हसत बाहेर गेले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं ऐकलं होतं. माझ्या आयच्या पोटचाच त्यातला एक निघेल असं वाटलं नव्हतं.

मी थेट कचेरीच्या खोलीत घुसले. तिथं गानू सर बसले होते, संग्रहालय चालवणाऱ्या मंडळाचे. पांढरा सदरा, आवाज लोण्यासारखा.

"या, या, दमयंतीताई! धर्माजी सारखं तुमच्याबद्दल सांगतात. फोटो आणलात का?"

"फोटो राहू द्या. त्या बाईच्या उजव्या हातात बांगड्या कुणी भरल्या?"

"कुठल्या?"

"कुठल्या काय? बाहेर उभी केलीत ती! आमच्यात उजव्या हातात काच घालत नाहीत. तुम्ही एवढे शिकलेले, वाड्यात कुणाला विचारायचं तरी. आणि ती विधवा होती, दोन्ही हात भरलेत तिचे! शोभा करून ठेवलीत."

गानू सरांनी चष्मा काढला. खरं सांगते, माणूस वाईट नव्हता. तो गोंधळला.

"अहो, आम्ही उजवा हात मोकळाच ठेवला होता. मी पुस्तकात वाचलं होतं ते. बांगड्या धर्माजींनी स्वतः भरल्या. म्हणाले, ही आमची आई, तिची गोष्ट अशी आहे, हात भरलेलाच पाहिजे. ताई, लोक इथं तीच गोष्ट ऐकायला येतात आता. तुम्हाला कल्पना नव्हती का?"

 मी पिशवी उचलून बाहेर आले. जेवणाची वेळ झाली होती. गानू सर जेटीवरच्या खाणावळीत गेले. धर्मानं दाराला आतून कडी घातली आणि बाहुलीच्या पायाशी सतरंजी पसरून डबा उघडला. तळलेले बोंबील, भाकरी.

"बस बाय. खा."

जिच्या हातचा घास ह्यानं जन्मात घेतला नाही, तिच्या पायाशी बसून हा बोंबील चावत होता. तेलाचा ओघळ हनुवटीवर. मी डब्याला हात लावला नाही.

"तू फोनवर आय बोललास," मी म्हटलं.

"हां मग. गानू सर आईच बोलतात. लोकांना पण सांगावं लागतं, माजी सख्खी आई म्हणून. त्याबिगर मजा नाय येत."

"मजा?"

"मग काय सांगू? कासवाचं सांगू? तिकडं कोण उभं पण राहत नाय."

मी उठले, बाहुलीचा उजवा हात धरला आणि बांगड्या ओढल्या. निघेनात. प्लास्टरच्या हाताची बोटं पसरलेली, कशा निघतील! मी हिसडा दिला. तीन-चार बांगड्या फुटल्या, एक बोट मोडून खाली पडलं. धर्मा खरकट्या हातानंच उठला आणि माझं मनगट पकडलं.

"हात नको लावू! मना काढतील कामावरून! ह्या पायानं दुसरं कोण ठेवील मना?"

"काढू देत! तुला लाज नाय? दिवसात वीस वेळा तू तिला वाईट ठरवतोस. अरे, जन्मभर लोकांनी केलं तेवढं पुरं नाय झालं? मेल्यावर पण?"

"लोक काय खोटं करत होते?"

"खोटंच होतं."

"खोटं?" तो ओरडला. "तिनं माजा बाप खाल्ला! मना बापाचं तोंड आठवत नाय, बाय! तुला आठवतं. मना नाय आठवत. दर्यावरनं कोण पण पागोटंवाला आला का मी धावायचो."

"तिनं नाय खाल्ला."

"तुला कसं ठावं?"

मी मनगट सोडवून घेतलं.

"आजीनं मना शंभर वेळा सांगितलंय," तो म्हणाला. आता हळू बोलत होता. "पेटीतनं बांगडी काढली. ती बोलली, पोरीची हाय, बानं आणली. आजी बोलली, आणली तर डझनभर आणील, एक कशी आणील? मग आजीनं तुला पुढं घेतलं. सगळ्या वाड्यापुढं इचारलं, दमे, ही तुजी हाय? तू काय बोललीस?"

मी खाली बघत होते. फरशीवर ते मोडलेलं बोट पडलं होतं, नखाला रंग लावलेलं.

"बोल ना. काय बोललीस?"

"नाय म्हणाले."

"मग?" धर्मा म्हणाला. "तुजी नाय, तर कोणाची? तिचीच ना? तुज्या बोलण्यावर तर सगळं ठरलं, बाय. मी काय माज्या मनातनं बनवलं?"

सदतीस वर्षं हे कुणी मला विचारलं नव्हतं. आजी मेली, वाड्यातल्या म्हाताऱ्या मेल्या, आय मेली. मी म्हणायचे, आता कोण विचारतंय. मीच विसरून गेले होते असं नाही म्हणत मी. पण बाजारात बसून, शिव्या देऊन, हसून, पोरांची लग्नं करून माणूस बरंच काही खाली दाबू शकतो.

"माझी होती," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही.

"बांगडी माझी होती, धर्मा. बानंच आणली होती, पुनवेच्या बाजारातनं. डझनभर. आय बोलली, दिवाळीला घाल. मी चोरून घातल्या आणि खडकावर खेळायला गेले. पाय सरकला. अकरा फुटल्या. तुकडे पाण्यात टाकले आणि उरली ती पेटीत तळाशी ठेवली. आयनं विचारलं तर एक तरी दाखवता येईल म्हणून."

"मग नाय का बोललीस?"

"आजीच्या हातात काथ्याचा दोर होता. मला वाटलं, बांगड्या फोडल्या म्हणून मारील."

धर्मा खाली बसला. आखडलेला पाय सरळ पसरून, डब्याशेजारी. उरलेले बोंबील डब्यात मागं सारले.

"आय काय बोलली तेव्हा?"

ह्या वेळी त्यानं 'आय' म्हटलं ते गानू सरांसाठी नव्हतं. पण मला आनंद झाला नाही.

"काय नाय बोलली. माझ्याकडं बघितलं. मी परत बोलीन म्हणून थांबली थोडी. मी आजीच्या लुगड्यामागं गेले. मग तिनं मान खाली घातली."

"आणि नंतर? घरात? रात्री?"

"कधीच नाय. एक शब्द नाय बोलली. माझे केस विंचरले, मला भाकरी वाढली, माझं लग्न केलं."

"मी कुडाच्या ह्या बाजूला झोपायचो," धर्मा म्हणाला. "ती तिकडनं बोलायची, धर्मा, जेवलास? रोज. मी उत्तर नाय दिलं. पंधरा वर्षं रोज इचारलं तिनं, बाय. तू तिच्या कुशीत झोपलेली. तू आयकत होतीस ना?"

"ऐकत होते."

"मग भिंतीपलीकडनं एकदा बोलायचंस ना. हळू बोलली असतीस तरी मना आयकू आलं असतं."

 सकाळपासून मी त्या चष्मेवाल्याची किळस केली, बाहुलीची केली, कासवाची केली, भावाची तर केलीच केली. नाकाला पदर लावून फिरत होते. आता पदर काढला तरी किळस जाईना. मग कळलं, घाण कुठं होती ते. माझंच तोंड मला कुत्र्यानं चाटलेल्या पातेल्यासारखं वाटायला लागलं.

दारावर थाप पडली. "धर्माजी, उघडा! दोनची लाँच आली, मंडळी आहेत." गानू सर.

धर्मा उठला. डबा झाकला, तोंड पुसलं, मोडलेलं बोट उचलून खिशात टाकलं. फुटलेल्या काचा पायानं बाहुलीमागं सारल्या. मला वाटलं आता तो मला मागच्या दारानं घालवून देईल. मी पिशवी उचलली पण.

"थांब," तो म्हणाला आणि दार उघडलं.

पंधरा-वीस माणसं आत आली. बाया, बाप्ये, दोन-तीन पोरं, एक म्हातारी सोलापूरकडची, इरकल नेसलेली, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. सगळ्यांना घाम आलेला. धर्मानं कासवाचं सांगितलं, सापाचं सांगितलं. मग बाहुलीपाशी आला. आवाजाची नक्कल केली नाही.

"ही चांगुणा कोळीण. माझी आय." तो पुस्तकातलं बोलत होता, पण पाठ केलेलं नव्हतं. "आमच्यात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. हिनं एक लपवली आणि म्हणून दर्यानं माझा बाप नेला, असं मी तुमच्याआधी इथं आलेल्या सगळ्यांना सांगितलं. सहा महिने सांगतोय. आता पुढचं माझी बहीण सांगेल. ही. ती तिथं होती."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. एकानं कॅमेरा वर केला. मी धर्माकडं बघितलं. मला वाटलं होतं त्याच्या डोळ्यांत राग असेल. राग असता तर मी भांडले असते, भांडण माझ्या हातचा मळ आहे. तो नुसता वाट बघत होता, मी बोलायची.

"बोल ना बाय," तो म्हणाला. "लोक उभे हायत."

आणि मी सांगितलं. बाजारात भाव सांगते तसं मोठ्यानं, कारण हळू सांगायला गेले असते तर आवाजच निघाला नसता. बांगड्या कुणी आणल्या, कुणी चोरल्या, कुठं फुटल्या, पेटीत कुणी ठेवली. आजीनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. आयला होडीला शिवू दिलं नाही ते सांगितलं. आयला अग्नी देताना धर्मा जेटीवर बसला होता ते नाही सांगितलं, पण त्यानंच मधे बोलून सांगितलं. पोरं चुळबुळ करायची थांबली. कॅमेरेवाल्यानं एक फोटो काढला होता, मग त्यानं कॅमेरा खाली घेतला. गानू सर दारात उभे होते.

 सांगून झालं तशी ती इरकलवाली म्हातारी पुढं आली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, खरबरीत हात, काम केलेला.

"नको रडू, लेकी," ती म्हणाली. मी रडत नव्हते. "सात वर्षांचं लेकरू ते. त्याला काय कळतंय? भ्यालं बिचारं. तुझा काय दोष त्यात?"

सगळ्यांनी माना हलवल्या. बरं वाटलं त्यांना. एक बाई म्हणालीसुद्धा, "खरंय, लहान मूल होतं हो." मलाही ते घ्यावंसं वाटलं. पदरात घालून, लाँचला बसून, पनवेलला घेऊन जावंसं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच तर सांगत आले होते.

"आजी," मी म्हटलं, "सात वर्षांची होते ती तेव्हा. आय मेली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. शेवटचे आठ दिवस तिच्या उशाशीच बसलेली होते."

म्हातारीनं माझ्या हातावरचा हात काढून घेतला.

 धर्मा लोकांना म्हणाला, "चला, पुढच्या खोलीत जाळी आहेत," आणि पाय ओढत पुढं गेला. एकेक करून सगळे त्याच्या मागं गेले.